नवी प्रजाती जन्मते तेव्हा एपिजेनेटिक्सचा वाटा किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पऱ्हाटीचा संकर करायचा तर काम संध्याकाळी सुरू होतं. उद्या उमलणारी कळी निवडायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि त्यांच्यासोबत पुंकेसरांची नळी अलगद उतरवायची, उघड्या पडलेल्या कुक्षीवर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्याचे पराग तिच्यावर घासायचे. शिकत असताना मी देशी आणि अमेरिकन कापसात असे संकर करून पाहिले. बोंडं धरली, पण थोड्याच दिवसांत पिवळी पडून गळाली. दोन्ही कापूसच, मग अडतं कुठे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. तो धागा धरून वाचत गेले आणि एपिजेनेटिक्सपाशी पोचले. त्याबद्दल विद्यार्थी आणि विज्ञानाची आवड असलेले वाचक मला जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

एपिजेनेटिक्स म्हणजे नेमकं काय?

गावच्या भजनी मंडळाची वही डोळ्यांसमोर आणा. अभंग शाईने लिहिलेले असतात. समासात कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात: हे कडवं सोडा, हे दोनदा घ्या. शब्द तेच राहतात, पण गायलं काय जाणार ते खुणांवर ठरतं. डीएनए म्हणजे शाई, आणि एपिजेनेटिक खुणा म्हणजे ती पेन्सिल. तुमच्या यकृतातल्या पेशीत आणि डोळ्यातल्या पेशीत वही एकच आहे, खुणा वेगळ्या आहेत.

या खुणा खऱ्याखुऱ्या रासायनिक वस्तू आहेत. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ या अक्षराला मिथिल गट चिकटतो, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस एवढंच. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक सहसा गप्प होतं. याला मिथिलीकरण म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या खुणा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर असतात. डीएनएचा धागा आठ हिस्टोनांच्या रिळावर गुंडाळलेला असतो, एका रिळाभोवती साधारण १४७ अक्षरजोड्या. रीळ घट्ट की सैल, हे हिस्टोनांवरच्या खुणा ठरवतात. तिसरा गडी म्हणजे छोटे आरएनए. कुठलं जनुक गप्प करायचं याचा पत्ता ते पोचवतात.

आणि नवी प्रजाती तयार झाली, हे कधी म्हणायचं?

एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या आजही सर्वांत जास्त वापरली जाते: जे जीव निसर्गात आपसात प्रजनन करतात आणि बाकीच्यांपासून प्रजननाच्या बाबतीत तुटलेले असतात, ती एक प्रजाती. म्हणजे दोन गटांमध्ये भिंत उभी राहायला हवी. ती कशाचीही असेल. फुलण्याची वेळ वेगळी, जोडीदाराची निवड वेगळी, गर्भ टिकत नाही, किंवा संकर जगतो पण वांझ निघतो. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्दही कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी त्याच १९४२ मध्ये रूढ केला. त्यांच्या मनात तेव्हा गर्भाची घडण होती, मिथिल गट नव्हते. शब्दाचा आजचा अर्थ नंतर आला.

‘जाती’ बरोबर की ‘प्रजाती’?

मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ‘स्पीशीज’ला जाती आणि त्याच्या वरच्या ‘जीनस’ला प्रजाती म्हणतात. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात मात्र ‘स्पीशीज’साठी प्रजाती हा शब्द बसला आहे. मी इथे बोलण्यातला शब्द घेतला आहे. परीक्षेत लिहिताना आपलं पाठ्यपुस्तक पाहा.

फक्त खुणा बदलल्या आणि नवी प्रजाती झाली, असं घडतं का?

निव्वळ खुणांच्या बदलातून पूर्ण वेगळी, टिकाऊ प्रजाती झाल्याचं पक्कं उदाहरण माझ्यासमोर नाही. पण त्याच्या अगदी जवळ जाणारी एक गोष्ट आहे.

१७४२ मध्ये स्वीडनमध्ये एका विद्यार्थ्याला टोडफ्लॅक्सचं, म्हणजे लिनारियाचं, विचित्र झाड सापडलं. नेहमीच्या लिनारियाचं फूल दोन ओठांचं असतं आणि त्याला मागे एकच शेपटीसारखी नळी असते. या झाडाचं प्रत्येक फूल सर्व बाजूंनी सारखं होतं आणि नळ्या पाच. वनस्पतींचं वर्गीकरणच फुलाच्या रचनेवर बेतणाऱ्या कार्ल लिनियसला हा केवढा धक्का असेल! गायीच्या पोटी लांडग्याच्या डोक्याचं वासरू यावं तसं हे आहे, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. १७४४ मध्ये त्याने या झाडाचं वर्णन केलं आणि ‘राक्षस’ या ग्रीक शब्दावरून ‘पेलोरिया’ असं नाव दिलं. इथे नवीन प्रजाती जन्माला आली की काय, हा प्रश्न त्याच्यापुढे खरोखर उभा राहिला.

उत्तर मिळायला अडीचशे वर्षं लागली. १९९९ मध्ये एन्रिको कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये दाखवलं की फुलाचा वरचा-खालचा भाग ठरवणारं जनुक पेलोरियात शाबूत आहे, पण मिथिल गटांनी भरून गप्प झालं आहे. ही खूण बियांतून पुढच्या पिढीतही जाते. पण कधीकधी त्याच झाडाच्या एखाद्या फांदीवर नेहमीसारखी फुलं परत येतात, आणि तिथे पाहिलं तर मिथिल गट कमी झालेले असतात. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण एकाच झाडावर दोन्ही बाजू दिसतात: खूण केवढा मोठा बदल घडवू शकते, आणि तो बदल किती सहज माघारी फिरू शकतो. जे असं माघारी फिरतं, त्याच्यावर भिंत उभी राहणं अवघड.

मग प्रजाती तयार होताना खुणांचा खरा उपयोग कुठे होतो?

माझ्या मते सर्वांत स्पष्ट उपयोग संकरातून जन्मणाऱ्या वनस्पतींमध्ये दिसतो. दोन प्रजातींच्या वह्या एकाच पेशीत येतात तेव्हा गोंधळ उडतो. कुणाच्या सूचना पाळायच्या? शांत निजलेली उड्या मारणारी जनुकं, म्हणजे डीएनएत आपली जागा बदलणारे तुकडे, जागी होतात. मक्यावर आयुष्यभर काम केलेल्या आणि १९८३ चं नोबेल मिळालेल्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी अशा प्रसंगाला जनुकसंचाला बसलेला धक्का म्हटलं होतं.

हा धक्का डोळ्यांसमोर घडलेला पाहायचा तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनच्या खाडीत जायला हवं. तिथे स्पार्टिना मॅरिटिमा हे खारजमिनीतलं स्थानिक गवत होतं. उत्तर अमेरिकेतून जहाजांबरोबर स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा आलं. दोघांचा संकर झाला आणि १८७० मध्ये तो हाइथ गावाजवळ नोंदवला गेला. तो वांझ होता, कारण आईबापांची गुणसूत्रं जोड्या जमवू शकत नव्हती. पुढे १८९० च्या सुमारास या संकरातली सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली. आता प्रत्येकाला जोडीदार मिळाला, बी धरू लागलं, आणि स्पार्टिना अँग्लिका ही नवी प्रजाती तयार झाली. ती जन्मदात्या दोन्ही गवतांपेक्षा जोमदार निघाली. चिखलाचे पट्टेच्या पट्टे तिने व्यापले, आणि आज जगात अनेक किनाऱ्यांवर ती उपद्रवी मानली जाते.

फ्रान्समधल्या मलिका ऐनूश यांच्या गटाने या गवताच्या डीएनएची तुलना आईबापांशी केली तेव्हा अक्षरांमध्ये फारसा बदल सापडला नाही. दोन वह्या जवळपास जशाच्या तशा एकत्र शिवलेल्या होत्या. पण मिथिलीकरणाच्या खुणा पाहिल्या तर आईबापांच्या नमुन्यातल्या साधारण ३०% खुणा बदललेल्या होत्या. हा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. यातले बरेचसे बदल गुणसूत्रं दुप्पट होण्याच्या आधीच, पहिल्या वांझ संकरातच दिसतात.

इथे एक गोष्ट नीट वेगळी ठेवायला हवी. भिंत उभी केली ती गुणसूत्रांच्या दुप्पट होण्याने. खुणांनी केलं ते वेगळं काम: भांडणाऱ्या दोन जनुकसंचांना एका घरात नांदायला लावलं, कुणी बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं ते ठरवलं. ते झालं नसतं तर नवी प्रजाती जन्मून लगेच संपली असती.

आपल्याकडच्या पिकांत असं काही आहे का?

आहे, आणि तेही विदर्भाच्या काळ्या रानात. देशी कापूस, म्हणजे गॉसिपियम अर्बोरियम, २६ गुणसूत्रांचा. आज बहुतेक शेतांत दिसणारा अमेरिकन कापूस, गॉसिपियम हिर्सुटम, ५२ गुणसूत्रांचा. अमेरिकन कापसाचा पूर्वजही संकरच होता. साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी देशी कापसाच्या नात्यातली एक वनस्पती आणि अमेरिका खंडातली एक रानटी कपाशी यांचा संकर झाला आणि गुणसूत्रं दुप्पट झाली. म्हणजे आपल्या देशी कापसाचा भाऊबंद अमेरिकन कापसाच्या प्रत्येक पेशीत अर्ध्या वाट्याचा धनी आहे.

टेक्सास विद्यापीठातल्या जेफ चेन यांच्या गटाने २०१७ मध्ये रानटी आणि लागवडीखालच्या कपाशीच्या खुणा तपासल्या. पाचशेहून जास्त जनुकांवरच्या खुणांमध्ये फरक मिळाला. त्यातलं एक जनुक फुलण्याच्या वेळेशी जोडलेलं आहे. रानटी कपाशीत त्यावर मिथिल गट असतात आणि ती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. लागवडीच्या कापसात ते गट गळून पडले, जनुक जागं झालं, आणि कापूस मोठ्या दिवसांतही पाते, म्हणजे कळ्या, धरू लागला. उष्ण कटिबंधातलं हे झुडूप जगभर पसरू शकलं त्यामागे ही पुसलेली खूण आहे. फुलण्याची वेळ बदलणं ही प्रजातींमधल्या भिंतीची पहिली वीट असू शकते, म्हणून हे उदाहरण मी प्रजातींच्या गप्पांत आवर्जून सांगते. अर्थात लागवडीचा आणि रानटी हिर्सुटम ही आजही एकच प्रजाती आहे.

खुणेमुळे दोन गटांचा संकर मरतो, असं थेट दाखवलं गेलंय का?

होय, आणि एपिजेनेटिक्सच्या बाजूने मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा हाच आहे. तो थोडा सावकाश वाचा.

ॲरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं, वीतभर उंचीचं प्रयोगशाळेतलं आवडतं रोप. हिस्टिडीन हे ॲमिनो आम्ल बनवायला त्याला एक जनुक लागतं. त्या जनुकाच्या त्याच्याकडे दोन प्रती आहेत, वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. एक चालली तरी पुरते. केप व्हर्डी बेटांवरून आलेल्या वाणात पहिली प्रत बिघडलेली आहे, त्यामुळे त्याचा सगळा भार दुसरीवर. कोलंबिया या वाणात उलट: पहिली काम करते आणि दुसरी गप्प आहे. दोन्ही वाण आपापल्या घरी सुखात. दोघांचा संकर केला तर पहिली पिढीही ठीक. पण पुढच्या पिढीत १६ पैकी एका रोपाच्या वाट्याला केप व्हर्डीची बिघडलेली पहिली प्रत आणि कोलंबियाची गप्प दुसरी प्रत, दोन्ही बाजूंनी, येते. त्याच्याकडे चालणारी प्रत एकही नाही. ते मरतं.

कोलंबियातली दुसरी प्रत गप्प का, याचा शोध क्रेग पिकार्ड यांच्या गटाने घेतला. अक्षरांत बिघाड नव्हता. तिच्यावर खुणांचं कुलूप होतं. खुणा टिकवणारी एन्झाइमं बंद केली तेव्हा कुलूप उघडलं, जनुक बोलू लागलं आणि जे रोप मरायचं ते जगलं. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. भिंतीतली एक वीट अक्षरांची, दुसरी निव्वळ खुणेची, आणि खुणेची वीट काढली की भिंत पडते, इतकं स्वच्छ दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत.

प्राण्यांत काय चित्र आहे?

प्राण्यांत, निदान सस्तन प्राण्यांत, पेन्सिलीच्या खुणा पुढच्या पिढीत जाणं अवघड आहे. अंडपेशी आणि शुक्रपेशी घडताना एकदा, आणि गर्भधारणेनंतर पुन्हा एकदा, मिथिलीकरणाच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. वनस्पतींमध्ये अशी सरसकट पुसापुशी होत नाही, म्हणून तिथली उदाहरणं जास्त.

पण खुणा करणारी यंत्रणाच भिंत बनू शकते. युरोपात घरउंदरांच्या दोन उपप्रजाती आहेत, पश्चिमेकडची आणि पूर्वेकडची. डेन्मार्कपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात त्या भेटतात आणि संकर होतात. काही संकरांत नर वांझ निघतात. प्रागमधल्या यिर्झी फोरेत यांनी १९७० च्या दशकापासून या वांझपणाचा माग काढला आणि २००९ मध्ये त्यांच्या गटाला जनुक सापडलं: पीआरडीएम ९. कणाधारी प्राण्यांत ओळखू आलेलं हे पहिलं ‘प्रजाती घडवणारं जनुक’. त्याचं काम म्हणजे हिस्टोनांवर मिथिल खूण करणं! शुक्रपेशी बनताना आईच्या आणि बापाच्या गुणसूत्रांनी कुठे तुटून एकमेकांशी अदलाबदल करायची, ती जागा हे जनुक खुणेने दाखवतं. संकरात दोन गुणसूत्रांवरच्या खुणा वेगवेगळ्या जागी पडतात, जोड्या नीट जुळत नाहीत, शुक्रपेशी घडणं मध्येच थांबतं.

२०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उंदरातल्या या जनुकाचा डीएनए ओळखणारा भाग काढून तिथे माणसातला बसवला. माणसाच्या भागाला दोन्ही उंदीर सारखेच परके. खुणा दोन्ही गुणसूत्रांवर सारख्या पडू लागल्या, आणि वांझ नरांना पिल्लं झाली.

वाचताना एक भान ठेवा. इथे वारशाने येणारा फरक अक्षरांतलाच आहे. त्या अक्षरांतून बनणारं प्रथिन खुणा करतं. म्हणून ‘एपिजेनेटिक्सने प्रजाती घडवली’ असा मथळा दिसला की, वारसा कशाचा चालला आहे, अक्षरांचा की खुणेचा, हा प्रश्न आधी विचारावा.

आई कोण आणि बाप कोण, याने संकरात फरक का पडतो?

काही जनुकांवर आईकडून आली की बापाकडून याचा शिक्का असतो, आणि हा शिक्का त्या पुसापुशीतून बचावून गर्भात टिकतो. एका बाजूची प्रत बोलते, दुसरी गप्प राहते. यातली बरीच जनुकं गर्भाची वाढ आणि वार (प्लॅसेंटा) यांच्याशी संबंधित आहेत. उत्तर अमेरिकेतल्या पेरोमिस्कस उंदरांच्या दोन प्रजाती घ्या. मॅनिक्युलॅटस मादी आणि पोलिओनोटस नर यांची पिल्लं लहानखुरी होतात, पण जगतात. जोडी उलटी केली तर वार आणि गर्भ बेसुमार वाढतात आणि बहुतेक गर्भ दगावतात. डीएनए दोन्हीकडे निम्मानिम्मा. बिघडतो तो शिक्क्यांचा मेळ. बियांमध्ये गर्भाला अन्न पुरवणाऱ्या भागातही असेच शिक्के असतात, आणि अनेक वनस्पतींचे संकर बी पोसण्याच्या या टप्प्यावरच थांबतात.

म्हणजे लामार्क बरोबर होता?

नाही. आयुष्यात कमावलेले गुण पिल्लांत उतरतात, असं लामार्कचं म्हणणं होतं. पण जिराफाने मान ताणली म्हणून पिल्लाची मान लांबत नाही. परिस्थितीमुळे खुणा बदलू शकतात, त्यातल्या काही थोड्या पिढ्या टिकतातही, पण त्या गरज ओळखून नेमक्या जागी उमटत नाहीत. उमटल्या तरी टिकायचं की नाही, हे नैसर्गिक निवडच ठरवते.

नवी प्रजाती घडत असताना खुणा मोजल्या आहेत का कुणी?

टांझानियाच्या दक्षिणेला मासोको नावाचं ज्वालामुखीच्या विवरातलं तळं आहे, जेमतेम ७०० मीटर रुंद. त्यात सिक्लिड माशांचे दोन प्रकार राहतात. काठाजवळच्या उथळ पाण्यातले नर पिवळसर, खोलवरच्या अंधुक पाण्यातले गडद निळे. गेल्या हजारेक वर्षांत हे वेगळे होऊ लागले, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात अगदी काल. दोघांच्या डीएनएत फरक थोडा, पण यकृतातल्या खुणांमध्ये ठळक. ग्रेगुआर व्हर्नाझ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच्या पुढची पायरी गाठली. दोन्ही प्रकारचे मासे प्रयोगशाळेत सारख्या पाण्यात, सारख्या अन्नावर वाढवले. काही फरक मिटले, म्हणजे ते खोलीचे आणि आहाराचे होते. काही मात्र टिकले.

अशी तपासणी झाल्याशिवाय रानातल्या दोन गटांतल्या खुणांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये, हे माझं ठाम मत आहे. गालापागोसच्या फिंच पक्ष्यांतही प्रजाती जितक्या दूरच्या, तितका खुणांमधला फरक जास्त, असं २०१४ मध्ये दिसलं. पण त्यातून कारण काय आणि परिणाम काय, हे ठरत नाही.

गुहेतल्या आंधळ्या माशांची गोष्ट खरी आहे का?

हो. मेक्सिकोच्या गुहांतल्या ॲस्टियानॅक्स माशाच्या गर्भात डोळे तयार व्हायला लागतात आणि मग विरतात. २०१८ मध्ये दिसलं की डोळ्याची अनेक जनुकं तिथे जादा मिथिलीकरणाने दबलेली आहेत. पण बाहेरच्या नदीतल्या, डोळस भावंडांशी त्यांचा संकर आजही होतो. भिंत पूर्ण झालेली नाही.

शाळेत मुलांना यातलं काही दाखवता येईल?

मिथिल गट दाखवता येणार नाहीत, भिंत दाखवता येईल. पावसाळ्याच्या तोंडावर देशी आणि अमेरिकन कापसाची सरकी शेजारी-शेजारी दोन कुंड्यांत लावा. देशीची पानं खोल कापलेली, बोटांसारखी, अमेरिकनची रुंद. देशीच्या बऱ्याच वाणांचं फूल पिवळं, तळाशी गडद ठिपका. अमेरिकनचं पहिल्या दिवशी दुधाळ आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी. दोन्ही एकाच वेळी फुलात आली की संध्याकाळी एका झाडाच्या काही कळ्यांचे पुंकेसर उतरवा आणि सकाळी दुसऱ्याचे पराग लावा. दोऱ्याने खूण बांधून ठेवा, आणि शेजारची काही फुलं त्याच झाडाच्या परागांनी भरा. मग मुलांनी रोज मोजायचं: कुठल्या दोऱ्याची बोंडं झाडावर राहिली आणि कुठल्या दोऱ्याची खाली मातीत पडली.